वाचनालय उत्तम, एक कपाट सोडून

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाची मी दहा वर्षांची सभासद आहे. या वाचनालयाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, आणि नुसते कौतुकच करायचे असते तर ते केव्हाच लिहून झाले असते. संस्थेचे नाव मी देत नाही. तेथे तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या तीन माणसांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही. शिवाय जी गोष्ट सांगायची आहे ती खानदेशातील अनेक वाचकांना थोड्याफार फरकाने आपल्या गावची वाटेल असा माझा अंदाज आहे.

आधी चांगले सांगते, कारण ते खरोखर पुष्कळ आहे. वृत्तपत्रांचा कक्ष सकाळी आठला उघडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा जुन्या दगडी भिंती आणि दोन कूलर यांच्यामुळे हा कक्ष गावातील सर्वांत सुसह्य जागा असतो, आणि तेथे येऊन केवळ डुलकी काढणाऱ्या ज्येष्ठांना कोणी उठवत नाही, हेही मी संस्थेच्या गुणांतच धरते. मागील बाजूस स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासिका आहे. तिच्यात आता निम्म्याहून अधिक मुली असतात. अनामत तीनशे रुपये आणि मासिक वर्गणी चाळीस रुपये एवढ्यात एक पुस्तक आणि एक मासिक घरी नेता येते, आणि दिवाळी अंकांची वेगळी योजना घेतली तर फेब्रुवारी उलटेपर्यंत वाचायला कमी पडत नाही. देवघेवीच्या टेबलावरील लिपिकांना पुस्तकाचे नाव अर्धवट सांगितले, किंवा ‘ते निळ्या मुखपृष्ठाचे’ एवढेच सांगितले, तरी ते नेमके पुस्तक काढून देतात. ही विद्या कोणत्याही संगणकाला अजून साधलेली मी पाहिलेली नाही.

ग्रंथसंग्रहही तालुक्याच्या मानाने चांगला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आणि त्याखालील अनुदानाचे नियम १९७० चे. त्यांनुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. आमचे वाचनालय ‘ब’ वर्गात आहे. अनुदानातून होणारी खरेदी, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून येणारी पुस्तके आणि गावातील वाचनवेड्या माणसांच्या पश्चात त्यांच्या मुलांनी आणून दिलेली पेटीभर पुस्तके, अशा तीन वाटांनी हा संग्रह वाढत आला आहे. तिसरी वाट मला सर्वांत प्रिय आहे, कारण कोणत्याही समितीने कधी विकत घेतली नसती अशी पुस्तके त्याच वाटेने आली आहेत. आठ वर्षांपूर्वी कपाटांना लावलेली कुलुपे काढण्यात आली आणि सभासदांना थेट मांडणीपर्यंत जाऊन पुस्तक निवडण्याची मुभा मिळाली. देवघेवीच्या टेबलामागील भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांची १९३१ मधील पंचसूत्री चौकटीत लावलेली आहे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही दोन सूत्रे तिच्यात मधोमध येतात. दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, या चौकटीला हार घातला जातो.

तीन वर्षांपूर्वी मला अहिराणी लोकगीतांचा एक जुना संग्रह हवा होता. माझ्या आजेसासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या झोक्यावरची, कानबाई या देवीची आणि लग्नाच्या मांडवातली गाणी त्यांना पाठ आहेत, परंतु अलीकडे कडव्यांचा क्रम चुकू लागल्याने त्या स्वतःवरच चिडतात. त्यांच्या तोंडची गाणी उतरवून घेताना ताडून पाहायला छापील संग्रह हाताशी असावा असे मला वाटले. वाचनालयाच्या सूचीत तो दाखल क्रमांकासह होता, मांडणीवर मात्र नव्हता. लिपिक म्हणाले, “बाहेर गेलंय, ताई.” पंधरा दिवसांनी विचारले, तेव्हाही ते बाहेर गेलेले होते. असे चार महिने गेले.

मी लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम करते, आणि दुसऱ्यांच्या नोंदवह्यांतील न जुळणाऱ्या नोंदी शोधण्यावर माझे घर चालते. त्यामुळे पाचव्या वेळी मी विचारले की पुस्तक कोणत्या तारखेला गेले, परतीची तारीख कोणती आणि माझ्या नावाने ते राखून ठेवता येईल का. सभासदाचे नाव मी विचारले नव्हते. कोण काय वाचतो हे तिसऱ्याला कळू नये, हे मलाही मान्य आहे. लिपिकांनी नोंदवही उघडली नाही. त्यांनी फक्त ग्रंथपालांच्या खोलीकडे एकदा पाहिले आणि माझे मासिक बदलून दिले.

उत्तर मिळाले ते उन्हाळ्यातल्या ग्रंथपडताळणीत. आठ दिवस देवघेव बंद ठेवून ही पडताळणी होते, आणि माणसे अपुरी असल्याने काही सभासदांना मदतीला बोलावले जाते. दाखल नोंदवहीतील क्रमांक मोठ्याने वाचायचा, मांडणीवर पुस्तक दिसले की खूण करायची, न दिसले तर ते सभासदाकडे आहे का हे पाहायचे, असे ते साधे आणि धुळीचे काम असते. तिसऱ्या दिवशी ज्यांचा थांगपत्ता लागत नाही अशा क्रमांकांची यादी मी ग्रंथपालांसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी काही न बोलता खिशातून चावी काढून खोलीतील लोखंडी कपाट उघडले. त्यात सतरा पुस्तके होती.

दाखल नोंदवहीत शेऱ्याचा रकाना असतो. पुस्तक जीर्ण झाले, गहाळ झाले, बांधणीला दिले, निर्लेखित केले, सभासदाने हरवून किंमत भरली, यांपैकी जे घडले असेल ते तेथे तारखेसह लिहिले जाते. या सतरा पुस्तकांसमोरचा रकाना कोरा होता. कागदोपत्री ती मांडणीवर होती, तोंडी ती बाहेर गेलेली होती, आणि प्रत्यक्षात ती ग्रंथपालांच्या खुर्चीपासून चार फुटांवर होती. एखाद्या दुकानाचा साठा असा सापडला असता तर आमच्या कार्यालयाने त्याला काय म्हटले असते, ते येथे लिहीत नाही.

ती पुस्तके कोणती, हे सांगितल्याशिवाय हा अनुभव अपुरा राहील. दोन आत्मकथने होती, ज्यांत गावगाड्यातील जातींविषयी जे घडले ते तसेच, त्याच भाषेत सांगितलेले आहे. शिवकाळाविषयीचे एक अभ्यासपूर्ण पुस्तक होते. अंधश्रद्धांविरुद्धच्या तीन पुस्तिका होत्या. मुलींना वयात येताना शरीरात होणारे बदल समजावून सांगणारे, एका डॉक्टर बाईंनी लिहिलेले पुस्तक होते. संवादांत शिव्या असलेली नाटके आणि कादंबऱ्या मिळून चार होती. धर्मांतरावर, आंतरजातीय विवाहावर आणि देवदासींवर एकेक पुस्तक होते. मुलांसाठीचे एक अनुवादित पुस्तक होते, आणि त्यात कोणाला काय खटकले असावे हे मी दोनदा वाचूनही ओळखू शकले नाही. माझा अहिराणी संग्रह होता. आणि मधमाशीपालनावरचे एक पुस्तक होते. ते कपाटात कोणी मुद्दाम ठेवले नव्हते. पुस्तके उचलून ठेवण्याच्या घाईत ते दोन कादंबऱ्यांच्या मध्ये अडकून आत गेले आणि कपाट कोणी उघडतच नसल्याने तेथेच राहिले. दोन वर्षे मधमाशीपालनाची माहिती मागायला आलेल्या शेतकऱ्यांनाही ‘बाहेर गेलंय’ हेच उत्तर मिळाले असणार.

ग्रंथपाल सज्जन आहेत. त्यांनी काही लपवले नाही. उलट कोणीतरी विचारले याचे त्यांना थोडे हायसे वाटले असावे असे मला दिसले. “बंदी नाही हो ताई,” ते म्हणाले, “बंदी घालणारा मी कोण? फक्त वर ठेवलेली नाहीत.” मग त्यांनी एकेक पुस्तक हातात घेऊन हकीकत सांगितली. शिवकाळावरील पुस्तकासाठी चार तरुण आले होते. त्यांनी पुस्तक उघडूनही पाहिले नाही, केवळ नाव विचारले. डॉक्टर बाईंच्या पुस्तकासाठी एका पालकांचा फोन आला होता. एका आत्मकथनाविषयी कार्यकारी मंडळाच्या एका सदस्याने जाता जाता ‘हे कशाला ठेवता’ एवढेच म्हटले होते. म्हणजे सतरांपैकी तीन पुस्तकांबद्दल कोणीतरी काहीतरी बोलले होते. मधमाश्यांचे पुस्तक सोडले तर उरलेली तेरा पुस्तके कोणीही न बोलता, उद्या कोणी बोलेल या विचाराने आत गेली होती. अहिराणी संग्रह त्या तेरांतला; मांडवातल्या गाण्यांत व्याह्याला घातलेल्या शिव्या असतात, एवढे त्यांना ऐकून माहीत होते.

पुस्तकबंदी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकार येते, राजपत्र येते, पोलीस येतात. ते घडतेच. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने एका आदेशाने पंचवीस पुस्तके जप्तीयोग्य ठरवली, आणि तो आदेश मला पटणारा नाही. पण त्या आदेशाला एक तारीख होती, त्यात पुस्तकांची नावे होती, आणि तो कोणत्या कलमाखाली काढला हे त्यात लिहिलेले होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८ आहे. सरकारने आपल्या मताची कारणे अधिसूचनेत नमूद केलीच पाहिजेत असे त्यात बंधन आहे, आणि त्या पुस्तकात हितसंबंध असलेल्या कोणालाही दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. तेथे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ त्याचे म्हणणे ऐकते. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाची जप्ती याच मुद्द्यावर टिकली नाही. उत्तर प्रदेश सरकारने कारणे दिली नव्हती म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

लोखंडी कपाटाला यांपैकी काहीच लागू होत नाही. आदेशच नसल्याने तो रद्द करता येत नाही. कारण लिहिलेले नसल्याने ते खोडून काढता येत नाही. ज्या वाचकाला ‘बाहेर गेलंय’ असे सांगितले जाते त्याला आपल्याला काही नाकारले गेले आहे हेच कळत नाही, मग तो अपील कशाविरुद्ध करणार? मला यातले सर्वांत खटकलेले हेच, आणि पुस्तक आत ठेवण्यापेक्षाही ते बाहेर गेल्याचे सांगणे मला अधिक गंभीर वाटते.

या वाचनालयाच्या दर्शनी भागात साने गुरुजींचा मोठा फोटो आहे आणि २४ डिसेंबरला त्यांची जयंती साजरी होते. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते, तेथूनच त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक चालवले. त्या अर्थाने ते आमच्या घरचे. त्यांच्या ‘पत्री’ या काव्यसंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या होत्या. ‘बलसागर भारत होवो’ ही कविता त्याच संग्रहातली. जयंतीच्या दिवशी शाळांची मुले वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती म्हणतात, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे चावीचे कपाट असते. ग्रंथपालांना मी हे बोलून दाखवले नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते असे मुळीच नाही.

त्यांची भीती निराधार आहे असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. तेही प्रकाशकाने लेन यांचे ते वादग्रस्त पुस्तक भारतातून आधीच मागे घेतलेले असताना. ज्या संस्थेला देशभर मान होता तिची ही स्थिती झाली, तर तालुक्याच्या वाचनालयाच्या काचा किती टिकणार? “एक दगड आला तर काच कोण भरून देणार, ताई? अनुदानात त्याचा हिशोब बसत नाही,” असे ग्रंथपाल म्हणाले. अनुदान हप्त्याहप्त्याने येते, पगार त्यातूनच व्हायचा, आणि कार्यकारी मंडळ वर्षातून चारदा भेटते. अशा माणसाने रात्री एकट्याने निर्णय घेतला तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. निर्णय एकट्याने घ्यावा लागू नये ही व्यवस्था मंडळाने करायला हवी होती, आणि ती न करणे हा मंडळाचा दोष आहे, त्यांचा नव्हे.

माझी मुलगी नववीत असताना तिच्या शाळेतही याच जातीचा अनुभव आला. शाळेचे नावही अर्थात देत नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी प्रत्येकाने आवडते पुस्तक आणून टेबलावर मांडायचे होते. तिने घरातून एका भटक्या जमातीतील स्त्रीचे आत्मकथन नेले. दुपारी पाहुणे यायच्या आधी ते उचलून बाईंनी तिच्या दप्तरात परत ठेवले आणि ‘घरी वाच हं’ असे मायेने सांगितले. रागावल्या नाहीत, कारणही सांगितले नाही. मुलीने घरी येऊन मला विचारले, की त्यात वाईट काय होते, आणि वाईट असेल तर घरी का वाचायचे? या शाळेचे ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेतील दोन कपाटे. त्यांची चावी विज्ञानाच्या सरांकडे, आणि सर निवडणुकीच्या कामावर गेले की चावीही कामावर. तेथे पुस्तके अडवण्यासाठी कोणाला मुद्दाम काही करावे लागत नाही.

शाळा-महाविद्यालयांतील वगळणे बहुधा अशाच हलक्या हाताने होते. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा कुलगुरूंनी आपला विशेष अधिकार वापरला होता. निदान तो वापरला गेला हे जगाला कळले. केंद्रीय पाठ्यपुस्तकांतून २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानातील उत्क्रांतीचा भाग आणि बारावीच्या इतिहासातील मुघल दरबारांवरील प्रकरण गेले, तेव्हा भार कमी करणे हे कारण सांगण्यात आले. ते कारण पटो वा न पटो, जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून काय गेले ते कोणालाही पाहता आले आणि त्यावर वादही झाला. अमेरिकेत शाळांमधून पुस्तके काढण्याचे प्रमाण हल्ली फार वाढले आहे. ‘पेन अमेरिका’ या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात अशा १०,०४६ घटना मोजल्या. आकडा भयंकर आहे. पण तेथील शाळा मंडळांना याद्या करून, सभा घेऊन पुस्तके काढावी लागतात, पालक त्या सभांत उठून बोलतात, आणि न्यू यॉर्क राज्यातील काही विद्यार्थी तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९८२ मध्ये, न्यायमूर्तींमध्ये तीव्र मतभेद असतानाही, निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमची सतरा पुस्तके अशा कोणत्याही मोजणीत शून्य भरतील.

याचा अर्थ वाचनालयाने सर्व काही घ्यावे आणि सर्व काही सर्वांना द्यावे असा मी काढत नाही. चाळीस रुपये वर्गणीच्या संस्थेला निवड करावीच लागते, आणि बालविभागात कोणती पुस्तके ठेवायची हे ठरवताना वयाचा विचार करणे यात सेन्सॉरशिप काही नाही. लेस्टर अशाइम या अमेरिकी ग्रंथालयशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये या दोहोंतला भेद मांडला होता: निवड करणारा पुस्तक ठेवण्यासाठी कारण शोधतो, सेन्सॉर करणारा ते नाकारण्यासाठी. मला वाटते, आपल्या वाचनालयांपुरती त्यात आणखी एक खूण जोडता येईल. निवड करणारा आपला निर्णय ग्रंथनिवड समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवायला कचरत नाही. आमच्या संस्थेच्या इतिवृत्तात गेल्या दहा वर्षांत पंख्यांची दुरुस्ती सहा वेळा आली आहे, आणि पुस्तके मांडणीवरून काढण्याचा विषय एकदाही नाही.

तक्रारीला मिळालेल्या प्रतिसादाविषयी लिहायलाच हवे, कारण सेवा जोखायची ती त्यावरूनच. पडताळणी संपल्यावर मी सूचना पुस्तिकेत आठ ओळी लिहिल्या. कोणाचे नाव घेतले नाही. केवळ सतरा दाखल क्रमांक लिहिले आणि त्यांच्यासमोर योग्य तो शेरा लिहावा अशी विनंती केली. महिनाभर काही झाले नाही. मग वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी अध्यक्षांना लेखी अर्ज दिला. सभेला तेवीस सभासद होते, आणि त्यांतले निम्मे चहासाठी आले असावेत असे माझे दरवर्षीचे निरीक्षण आहे. पण या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. एका निवृत्त तलाठ्यांनी, ज्यांच्याकडून मला विरोधाची खात्री होती, उभे राहून विचारले की जे पुस्तक शासनाच्या अनुदानातून घेतले ते कपाटात ठेवण्याचा अधिकार कोणाच्या सहीने वापरला. सही कोणाचीच नव्हती. शेवटी असा ठराव झाला की यापुढे कोणतेही पुस्तक मांडणीवरून काढायचे असेल तर आक्षेप लेखी आणि सहीनिशी घ्यावा, आक्षेप घेणाऱ्याने ते पुस्तक वाचल्याचे त्यात नमूद करावे, ग्रंथनिवड समितीने साठ दिवसांत निर्णय द्यावा, आणि तोपर्यंत पुस्तक मांडणीवरच राहावे. ‘वाचल्याचे नमूद करावे’ हे शब्द तलाठ्यांचे. ठराव झाल्यापासून आजवर एकही लेखी आक्षेप आलेला नाही, असे ग्रंथपालांनी मला परवाच सांगितले.

दहा पुस्तके लगेच मांडणीवर आली. मधमाश्या त्यांत होत्या. उरलेली सात ‘संदर्भ’ असा शिक्का मारून वाचन कक्षातच वाचण्यासाठी ठेवली आहेत. त्यांत डॉक्टर बाईंचे पुस्तक आहे, आणि हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. वयात येणाऱ्या मुलीने ते पुस्तक वृत्तपत्र वाचणाऱ्या पंधरा पुरुषांच्या समोर, टेबलावरून मागून घेऊन, त्याच खोलीत बसून वाचावे अशी अपेक्षा करणे म्हणजे ते न देण्याचीच दुसरी रीत आहे. या सात पुस्तकांची यादी फलकावर लावावी ही माझी मागणीही मंडळाने मान्य केली नाही. ‘उगाच लक्ष कशाला वेधायचे’ असे उत्तर मिळाले. यंदाच्या सभेसाठी मी पुन्हा अर्ज दिला आहे.

एकंदरीत, गावात नव्याने राहायला आलेल्या कोणालाही मी या वाचनालयाचे सभासद व्हायला निःशंकपणे सांगेन. पाचपैकी साडेतीन गुण देते. ठरावामुळे अर्धा वाढवला आहे, सात पुस्तकांमुळे दीड राखून ठेवला आहे. नव्या सभासदांना एवढेच सुचवते की हवे असलेले पुस्तक दोनदा ‘बाहेर’ असेल तर सूचीतून त्याचा दाखल क्रमांक काढावा आणि परतीची तारीख विचारावी. आता ती सांगितली जाते.

अहिराणी संग्रह मी ठरावानंतरच्या आठवड्यात घरी आणला. आजेसासूबाईंना वाचून दाखवायला बसले, आणि मांडवातल्या गाण्यांपाशी आल्यावर ध्यानात आले की संग्राहकाने स्वतःच शिव्यांच्या जागी टिंबे टाकली आहेत. ज्या शब्दांच्या भीतीने ते पुस्तक कपाटात गेले ते शब्द त्यात मुळात नव्हतेच. टिंबे म्हणजे काय हे मी समजावून सांगितले, तेव्हा म्हातारी आधी हसली आणि मग खरोखर रागावली: “आमना गाना कसाले कोंडी ठेवात व माय?” मग खाटेवर नीट बसून तिने एकेक गाळलेली जागा सुरात भरून दिली. नातसून समोर आहे, पणती दाराआड ऐकते आहे, याची तिला काही पर्वा नव्हती. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मी पाळते, म्हणून ते शब्द ओळ क्रमांकांसह वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने उतरवले. पुस्तक परत करताना चिठ्ठी आतच राहून गेली. ती काढून घ्यावी म्हणून पुढच्या महिन्यात गेले, तर लिपिकांनी नोंदवही उघडली, तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “बाहेर गेलंय, ताई. खरंच गेलंय.” चिठ्ठीसकट गेले होते.